डिस्क नवीन आल्या, पण जुन्यातले सेन्सर कुठं गेले?

माननीय संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. उन्हाळा लागला की तुमच्या पेपरात समृद्धीवर टायर फुटून गाडी पलटी झाल्याच्या बातम्या सुरू होतात आणि शेजारी एक चौकट असते, घासलेले टायर नकोत, हवा चेक करा, १२० च्या पुढं पळवू नका. सगळं बरोबरच आहे. पण एक गोष्ट, टायरमधली हवा मोजणारा आतला सेन्सर, त्या चौकटीत कधी येत नाही आणि ती मला या पावसाळ्यात स्वतःच्या अंगावर आल्यावर कळली, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा पण डिस्कच्या, म्हणजे टायर ज्यावर चढवतात त्या धातूच्या चाकाच्या, दुकानदारांचा भाग तेवढा ठेवा.

मी एसटीत टायर सेक्शनला ३१ वर्षं काढली. आमच्या वेळी टायरची तपासणी म्हणजे टॉमी, लोखंडी दांडा. गाडी डेपोतून निघायच्या आधी एकेक टायर टॉमीनं ठोकायचा, हवा बरोबर असली की टणक आवाज येतो आणि टॉमी हातात मागं उडते, हवा गेलेली असली की भद्द. मागच्या जोडीतला आतला टायर बसला असला तर बाहेरून दिसतच नाही, बाहेरचा त्याचं ओझं घेऊन उभा असतो, तो फक्त आवाजावरच पकडायचा. छोट्या गाड्यांना तर टॉमी पण लागायची नाही, लाथ पुरायची. या लाथेचा मला लई गर्व होता.

माझा भाचा संभाजीनगरला नोकरीला आहे, त्यानं फोर बाय फोर घेतली. गाडीचं नाव लिहीत नाही कारण दोष गाडीचा नाहीच. वरचं मॉडेल, टायरमधल्या हवेचे सेन्सर कंपनीतूनच आलेले, मीटरवर चारी चाकांची हवा आकड्यात दिसायची, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हणलं आमच्या डेपोतल्या पोरांची नोकरीच गेली की. आणि सहा महिन्यांत साहेबांनी डिस्क बदलल्या. पोरं आता अलॉय म्हणतात, आमच्या तोंडात डिस्कच बसलंय. काळ्या रुंद डिस्क, त्यावर मोठ्या गुंड्यांचे चिखलाचे टायर, गाडी दिसते झकास, खोटं कशाला बोलू. दुकानदारानं जुनी चारी चाकं टायरसकट एक्सचेंजमध्ये ठेवून घेतली आणि बिलातून तेवढे पैसे कमी केले. भाचा खूश. चारी सेन्सर त्या जुन्या चाकात बसून दुकानात राहिले हे कुणी बोललं नाही, ना यानं विचारलं ना त्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशीपासून गाडी चालू केली की मीटरवरचा पिवळा दिवा, तो टायरच्या कापासारखा आणि मधे उद्गारचिन्ह असतो तो, मिनिटभर लुकलुकायचा आणि मग पेटूनच राहायचा. लुकलुकून पेटला म्हणजे हवा कमी आहे असं नाही, सिस्टिमला सेन्सरच सापडेना असा त्याचा अर्थ. भाचा दुकानात परत गेला तर उत्तर काय, "दादा आफ्टरमार्केटला, बाहेरच्या डिस्कला, ते मॅच होत नाही, सगळ्यांचं असंच आहे, दिव्याकडं बघू नका, नायतर बारीक काळी टेप मारून देतो." आणि मारून दिली हो! पैसे घेतले नाहीत तेवढा चांगुलपणा.

आता जुलैमधली गोष्ट. इगतपुरीच्या बाजूला एका ओळखीच्याच्या शेतात यांच्या ग्रुपचा चिखलाचा कार्यक्रम होता, मला म्हणला मामा चला गंमत बघायला. गेलो. चिखलात उतरायच्या आधी सगळ्यांनी टायरची हवा सोडून १८ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आणली, ते बरोबरच आहे, हवा कमी केली की टायर पसरतो, लांब पट्टा जमिनीला धरतो. संध्याकाळी निघताना प्रत्येकानं डिकीतल्या छोट्या कॉम्प्रेसरनं परत ३५ भरली. माझ्या डोळ्यादेखत भरली, काट्यावर बघून भरली. मग भरवीरला समृद्धीवर चढलो, सिन्नरला चहासाठी खाली उतरलो, आणि मी सवयीनं चारी टायरला लाथा मारल्या. चारी टणक. म्हणलं चल, ओके.

कोपरगावच्या पुढं गाडी थोडी डुलायला लागली. भाचा म्हणतो मड टेरेन टायर आहेत मामा, ते डुलणारच. मग वास आला. हा वास मी झोपेत पण ओळखतो. म्हणलं आत्ताच्या आत्ता स्पीड कमी कर, ब्रेक जोरात दाबू नको, डावीकडं घे. डावा मागचा टायर हात लावायच्या लायकीचा राहिला नव्हता एवढा तापलेला, काटा लावला तर १२. फुटला नाही हे नशीब, १०० च्या स्पीडला त्या उंच गाडीत फुटला असता तर हे पत्र मी लिहिलं नसतं, तुमच्या वार्ताहरानं बातमी लिहिली असती. पुढची कथा तर वेगळीच, स्टेपनी जुन्या साइजची, म्हणजे मागं एक चाक लहान एक मोठं, आणि नवीन डिस्कच्या नटाला जी वेगळी किल्ली लागते ती घरी टेबलावर. दीड तास रस्त्याच्या कडेला उभे, मागून कंटेनर जातायत, पाऊस चालू. किल्ली आणून द्यायला वैजापूरहून माझा पोरगा आला, तोपर्यंत मामा-भाच्यांचं जे बोलणं झालं ते छापण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी टायर उघडला तर आत काळा भुगा. हवा कमी असताना टायर पळवला की साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, दर चकरेला मुडपते आणि सरळ होते, त्यानं तापते, आतलं रबर घासून घासून त्याचा भुगा होतो, असा टायर बाहेरून कितीही नवा दिसू दे, भंगारात. आणि हवा गेली कुठून? डिस्कची कडा आणि टायर यांच्यामधे गवताची एक काडी आणि बारीक खडी अडकलेली. हवा १८ वर असताना टायरची कड डिस्कवरून किंचित सरकते, तेवढ्यात चिखल आत शिरतो, मग तुम्ही ३५ भरा नायतर ४० भरा, तिथून हळूहळू निघतच राहते. आवाज नाही, खिळा नाही, काही नाही.

मग माझी सिन्नरची लाथ का चुकली? हे मी चार रात्री डोक्यात घोळवलं. सिन्नरला त्या टायरमधे पंचवीसच्या आतच हवा असणार. पण हे जे जाड ऑफ-रोडचे टायर आहेत त्यांची साइडवॉल इतकी कडक असते की निम्मी हवा गेली तरी टायर ताठ उभा, दिसायला पण आणि लाथेला पण. साधा कारचा टायर २० वर आला की पोट सुटल्यासारखा दिसतो, हा दिसत नाही. म्हणजे ज्या गाडीत नजरेला आणि पायाला सगळ्यात कमी कळतं त्याच गाडीतून आपण सेन्सर काढून टाकतोय. टायर जितका दणकट तितकी आतल्या सेन्सरची गरज जास्त, आणि दुकानात नेमकं उलटं चाललंय.

सेन्सर म्हणजे काय ते थोडक्यात लिहितो कारण भाच्याच्या ग्रुपमधल्या निम्म्यांना माहीत नव्हतं. व्हॉल्व्हच्या बुडाला डिस्कच्या आतून बसवलेली काडेपेटीएवढी डबी. त्यात हवेचा दाब आणि तापमान मोजायचं यंत्र, छोटा रेडिओ आणि बटण सेल. गाडी उभी असली की बहुतेक झोपून असतो, चाक फिरायला लागलं की उठतो आणि आपला नंबर आणि हवेचा आकडा गाडीला पाठवत राहतो. सेल आतच सील केलेला, पाच ते दहा वर्षं चालतो, संपला की सगळा सेन्सर नवीन टाकायचा. आपल्याकडच्या गाड्यांचे सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात, अमेरिकेतले बरेच ३१५ वर, त्यामुळं ऑनलाइन स्वस्तात मागवलेला सेन्सर कधी कधी गाडीशी बोलतच नाही, एक मराठी बोलतोय एक तामीळ. काही गाड्यांत अशी डबी नसते, तिथं चाक किती फिरतंय ते मोजणाऱ्या एबीएसच्या (ब्रेकच्या यंत्रणेतल्या) सेन्सरवरून अंदाज काढतात, हवा कमी झालेलं चाक जरा लहान होतं म्हणून बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं. ती पद्धत चिखलात चाक जागेवर गरगरलं की गोंधळते, आणि टायर किंवा डिस्क बदलली, हवा नव्याने भरली की मीटरमधे रीसेट करावी लागते. तेही कुणी करत नाही.

आता "मॅच होत नाही" हे कितपत खरं? थोडं खरं आहे. सेन्सरच्या व्हॉल्व्हला साधारण साडेअकरा मिलिमीटरचं भोक लागतं, ते बहुतेक डिस्कला असतंच. अडचण येते ती भोकाच्या कोनात आणि आतल्या खोलगट भागात, काही डिस्कमधे डबी आत टेकते नायतर टायर चढवताना टायरची कड तिच्यावर येते आणि कडकन मोडते. पण ते बघायला दोन मिनिटं लागतात, टायर चढवायच्या आधी सेन्सर डिस्कमधे धरून बघायचा, टेकत असला तर गिऱ्हाइकाला सांगायचं की ही डिस्क नको, दुसरी घे. बरेचसे सेन्सर जुन्या डिस्कमधून काढून नव्यात बसतात, फक्त व्हॉल्व्हचं रबर आणि नट नवीन टाकायचे, आणि नट हातानं जपून आवळायचा, आपल्या सवयीप्रमाणे पान्यावर उभं राहून नाही. गाडीची जुनी डबी बसतच नसेल तर कोरे सेन्सर मिळतात, त्यात जुन्या सेन्सरचा नंबर कॉपी करून घालता येतो, गाडीला कळत पण नाही की चाकं बदलली. ज्याच्याकडं रस्त्याचा एक सेट आणि चिखलाचा एक सेट आहे त्याला तर हाच उपाय. भाच्याला एका सेन्सरचे अडीच हजार पडले, म्हणजे चाराचे दहा, आणि डिस्क-टायरवर किती घातले होते तो आकडा मी इथं लिहीत नाही, त्याची आई पेपर वाचते.

खरी भीती पंक्चरच्या दुकानात आहे. टायर सोडवताना मशीनचा फावडा किंवा टॉमी व्हॉल्व्हच्या बाजूलाच घातली की सेन्सर गेला. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं सुरुवात करायची, एवढंच शिकायचं आहे. दुसरं ते हिरवं जेल, पंक्चर होऊ नये म्हणून व्हॉल्व्हमधून ओततात ते. त्यातलं बरंचसं सेन्सरचं बारीक भोक बुजवतं आणि मग मीटर काहीतरीच दाखवतं. पंक्चरवाल्याला दोष देत नाही, त्याला कुणी सांगितलंय? गाडी विकणाऱ्यानं मालकालाच सांगितलं नाही.

हा सेन्सरचा कायदा जगात आला तो पण अशाच एका उंच गाडीमुळं. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर नावाच्या जीपवजा गाडीला लावलेल्या फायरस्टोन टायरचे पट्टे सुटून गाड्या उलटायला लागल्या, अडीचशेच्या वर माणसं गेली, २००० च्या ऑगस्टमधे कंपनीनं ६५ लाख टायर परत मागवले. त्यात हवेवरून पण भांडण होतं, गाडीवाले म्हणायचे २६ पीएसआय ठेवा, टायरवाले म्हणायचे ३० पाहिजे. दोष कुणाचा किती ते कोर्टात गेलं, पण त्याच वर्षी तिथल्या संसदेनं कायदा केला आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नवीन हलक्या गाडीला हा दिवा सक्तीचा झाला, हवा २५ टक्के कमी झाली की पेटलाच पाहिजे. आणि माझ्या पत्राचा मुद्दा इथंच आहे, तिथं दुकानदारानं चालू असलेली सिस्टिम जाणूनबुजून बंद पाडून गाडी परत द्यायची नाही असा नियम आहे. टेप मारून देणं लांबच. आता तिथं पण आपल्यासारखे बहाद्दर आहेत, डिस्क बदलल्यावर जुने चारी सेन्सर एका पीव्हीसी पाइपमधे बंद करतात, त्या पाइपात ३५ हवा भरतात आणि पाइप सीटखाली टाकून देतात. गाडी खूश, दिवा बंद. पेशंट बाजूला ठेवून बीपीचा पट्टा शेजाऱ्याच्या दंडाला बांधण्यातला हा प्रकार.

आपल्याकडं काय? केंद्रानं जुलै २०२० मधे मोटार वाहन नियमात बदल केला, साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचे सेन्सर आणि पंक्चर काढायचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल असं झालं. म्हणजे सरकारनं या सेन्सरवर इतका विश्वास टाकला की त्याच्या जिवावर स्टेपनी सोडायला परवानगी दिली. आता अशी बिनस्टेपनीची गाडी डिस्कच्या दुकानात गेली आणि सेन्सर तिथंच राहिले, तर त्या माणसाकडं राहिलं काय? किट आणि देव. बाहेरच्या डिस्कवर आयएसआय मार्क आहे का ते बघा, हे आता लोकांना थोडं माहीत झालंय, बॉडीच्या बाहेर आलेल्या टायरला आरटीओ दंड लावतो हे पण माहीत झालंय. सेन्सरबद्दल कुणी तोंड उघडत नाही.

भाच्याच्या मित्रांचं म्हणणं असं, काका आम्ही मुद्दामच हवा सोडतो, मग तो दिवा दिवसभर पेटलेला राहतो, टीं टीं करतो, कशाला पाहिजे. अरे बाबांनो चिखलात पेटू दे की, तिथं स्पीड दहा-पंधराचा असतो. तो तिथल्यासाठी नाहीच, घरी येतानाच्या रस्त्यासाठी आहे. आणि त्यांच्या बोलण्यातला एक मुद्दा मात्र मला पटला, साइज आणि जात बदलली की दरवाज्याच्या खांबावर चिकटवलेला हवेचा आकडा लागू पडेलच असं नाही, ट्रकछाप जाड टायरला तेवढंच वजन उचलायला बऱ्याचदा जास्त हवा लागते, आणि गाडीचा दिवा मात्र जुन्याच हिशोबानं पेटणार. ३२ च्या हिशोबाचा दिवा २४ ला पेटेल, पण तुमच्या टायरला २८ च कमी पडत असेल तर? म्हणून टायर घेतानाच दुकानदाराला विचारा की या टायरला माझ्या गाडीच्या वजनाला किती हवा, आणि तो "पस्तीस मारा सगळ्यांना पस्तीसच" म्हणला तर दुकान बदला.

ज्यांना एवढा खर्च नको त्यांच्यासाठी व्हॉल्व्हवर टोपीसारखे फिरवून बसवायचे सेन्सर मिळतात, डॅशबोर्डवर छोटी उन्हावर चालणारी पट्टी असते, आकडा आपला आपण लावता येतो. काहीच नसण्यापेक्षा शंभर पटीनं बरे. पण ते दगडाला, झुडपाला लागून तुटतात, चोरीला जातात, आणि साध्या रबरी व्हॉल्व्हवर लावले तर फिरताना त्या वजनानं व्हॉल्व्हच वाकून बुडाला चिरतो, त्यासाठी आधी लोखंडी नायतर पितळी व्हॉल्व्ह घालून घ्या. ऑफ-रोडवाल्यानं मात्र आतलाच बसवावा, असं मी सांगेन.

तर मागणी काय, ती लिहितो. डिस्क बदलून देणाऱ्या प्रत्येक दुकानानं बिलावर एक ओळ लिहावी, सेन्सर काढून नवीन डिस्कमधे बसवले, की गिऱ्हाइकाच्या हातात दिले, की नव्हतेच. तेवढ्या एका ओळीनं जुन्या चाकांबरोबर सेन्सर गुपचूप जायचे बंद होतील. परिवहन खात्यानं तसं एक परिपत्रक काढावं, याला नवीन कायदा पण नको. समृद्धीच्या तोंडावर टायर तपासायला माणसं उभी करतात, गुंड्या किती घासल्या ते बघतात, त्यांनी काचेतून वाकून मीटरवरचा तो पिवळा दिवा पेटलाय का एवढं बघावं, टेप असली तर ती पण काढायला लावावी. आणि आयटीआयमधे मोटार मेकॅनिकच्या पोरांना सेन्सरवाला टायर सोडवायला दाखवा, एक जुनी डिस्क आणि एक मेलेला सेन्सर पुरतो त्याला. कुणी बोलावलं तर मी फुकट येऊन दाखवीन, चहा दिला तरी चालेल.

भाच्यानं टेप काढली. त्या दुकानात परत जाऊन आपले जुने सेन्सर मागितले तर कळलं, ती चाकं केव्हाच दुसऱ्या कुणाच्या गाडीला गेली. त्या गाडीला ते ओळखत नसणार, म्हणजे ते चारी सेन्सर कुठल्यातरी रस्त्यावर अजून हवा मोजतायत आणि ऐकायला कुणी नाही.

आपला नियमित वाचक,
एसटीतला एक निवृत्त टायर फिटर, वैजापूर

ता. क. व्हॉल्व्हची टोपी शोभेची नसते, चिखलवाल्यांनी तर ती कधीच हरवू नये, एक वाळूचा कण आत गेला की हवा निघायला लागते. आणि सेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर चमकणारी पितळी टोपी किंवा व्हॉल्व्हच्या आत साधी पितळी पिन लावू नका, दोन धातूंचं जमत नाही, त्यात कोकणातली खारी हवा लागली की वर्षभरात अशी गच्च धरते की टोपीबरोबर व्हॉल्व्ह पण तुटून हातात येतो. प्लास्टिकची पाच रुपयाची टोपी लावा.